तीन तासांवरचं व्हँकुव्हर

आमच्या विदर्भात अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. अमरावती किती लांब आहे असं विचारा, उत्तर येईल, 'तीन तास.' एस.टी. वाटेत कुठेही थांबो, टायर फुटो, तीन तास म्हणजे तीन तास. त्रिविक्रम विमानं सुरू झाली आणि याच सवयीनं आमचा घात केला. नागपूर ते व्हँकुव्हर हे विमानतळापासून विमानतळापर्यंतचं अंतर जवळजवळ बारा हजार किलोमीटर आहे. त्रिविक्रमला त्यासाठी तीन तासही पुरे लागत नाहीत. झालं! आमच्या लोकांच्या हिशेबात व्हँकुव्हर आणि अमरावती एकाच रांगेत जाऊन बसले. लोक लोणच्याच्या बरण्या घेऊन विमानतळावर येऊ लागले, आणि सुटायच्या वेळेला 'थांबा हो, आमची मावशी येऊन राहिली' असं म्हणू लागले.

मला या लोकांचा फार राग यायचा. आता तो कमी झाला आहे, कारण त्यांच्यात माझंही घर निघालं.

मी मोरेश्वर डहाके. त्रिविक्रमच्या नागपूर केंद्रावर डिस्पॅचर होतो. विमान वर कॅप्टन चालवतो, पण ते कुठल्या वाटेनं जाईल, किती इंधन नेईल आणि अडचण आलीच तर कुठे उतरेल, हे जमिनीवर बसून डिस्पॅचर ठरवतो. कागदावर दोघांच्या सह्या असतात. जबाबदारी निम्मी निम्मी.

या विमानाबद्दल दोन गोष्टी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

पहिली गोष्ट उष्णतेची. त्रिविक्रम तीस किलोमीटर उंचीवरून, आवाजाच्या पाचपट वेगानं जातं. तिथे हवा अगदी विरळ, जमिनीवरच्या हवेचा शंभरावा हिस्साच. तरी एवढ्या वेगापुढे तीही दाबली जाते आणि तापते. विमानाचं बाहेरचं कवच लालभडक होण्याच्या बेतात असतं. त्या कवचाखालून गोठणबिंदूच्या कितीतरी खालचं द्रवरूप इंधन नळ्यांतून खेळवतात, म्हणून आतली माणसं गारव्यात कॉफी पीत बसतात. सामानाच्या कप्प्यांना मात्र एवढं लाडावत नाहीत. ते चांगलेच गरम होतात. कपड्यांना, पुस्तकांना त्यानं काही होत नाही.

दुसरी गोष्ट थांबण्याची. एवढा वेग एकदम मोडता येत नाही. वेग उतरवून, उंची उतरवून जमिनीवर टेकायला हजारभर किलोमीटर लागतात. साधं विमान वाटेत कुठल्याही शहरात उतरू शकतं. त्रिविक्रमच्या वाटेवर पुरेशा लांबीच्या आणीबाणीच्या धावपट्ट्या आहेत फक्त चार. शेवटची सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्यावर. तिच्यानंतर आर्क्टिक समुद्र, आणि मग थेट अमेरिका खंड. त्या शेवटच्या पट्टीवर उतरायचं असेल तर निर्णय हजार किलोमीटर आधी घ्यावा लागतो. त्या जागेला आम्ही निर्णयरेषा म्हणतो. ती ओलांडली की पुढेच जायचं. वेळ वाचवता वाचवता आम्ही मधली गावंच पुसून टाकली, असं मी प्रशिक्षणाला आलेल्या पोरांना सांगायचो. ती हसायची.

माझी एकुलती एक मुलगी शलाका व्हँकुव्हरला असते. नद्यांच्या पुराचे अंदाज बांधणाऱ्या संस्थेत आहे, जावईही तिथेच. लग्नानंतर तिला तिकडे जाऊ द्यायला तिची आई, म्हणजे आमची कुमुद, तयार नव्हती. त्रिविक्रम सुरू झालं आणि तयार झाली. "तीन तास म्हणजे काय जी, अमरावतीलाच दिली असं समजू," म्हणाली. शलाका दर दोन महिन्यांनी यायची. सातवा लागला तेव्हाही आली, डोहाळेजेवणाला. तीन तासांचाच प्रवास, म्हणून डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. बाळंतपणाला पुन्हा यायचं ठरलं होतंच.

डोहाळेजेवण शनिवारी झालं. आमच्या त्रिमूर्तीनगरातल्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांनी शलाकाची ओटी भरली. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि प्रत्येकीची एक खोबऱ्याची वाटी. आमच्याकडे ओटीतलं काही माहेरी ठेवून जात नाहीत. तांदूळ आपल्या घरी नेऊन शिजवायचे, खोबरं आपल्या घरी खायचं. माहेरी विसरलं तर अपशकुन.

आणि त्रिविक्रममध्ये सुकं खोबरं न्यायला सक्त मनाई. साध्या विमानातही ते नेऊ देत नाहीत, पण तिथे सामानाचा कप्पा थंड असतो, सहसा काही होत नाही. त्रिविक्रमच्या गरम कप्प्यात मात्र कारण पक्कं आहे. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल. तेल हवेशी हळूहळू संयोग पावतं आणि थोडी ऊब सोडतं. उघड्यावर ती ऊब उडून जाते. पण खोबरं गठ्ठ्यात घट्ट बांधलं आणि गरम जागी ठेवलं, की ऊब आतच साठते, त्यानं संयोग वाढतो, त्यानं ऊब आणखी वाढते. शेवटी गठ्ठा आतून धुमसायला लागतो. काडी लावावी लागत नाही. विमानतळावरच्या फलकावरचं मराठी वाक्य मीच लिहून दिलं होतं.

रविवारी सकाळी मी खोलीच्या दारातून पाहिलं. कुमुद पलंगावर बसून आपल्या आईच्या जुन्या सुती लुगड्यात काहीतरी बांधत होती. मला पाहून तिचे हात थांबले.

"तांदूळ आहे," ती म्हणाली.

मी काही विचारलं नव्हतं. आणि विचारलंही नाही. विचारलं असतं तर मला खरं कळलं असतं, आणि मग गठ्ठा सोडायला लावावा लागला असता. लेक निघाली असताना ओटीतून वाट्या काढायच्या, कुमुदनं डोळे पुसायचे, शेजारणींनी कुजबुजायचं. सकाळी सकाळी एवढं कोण ओढवून घेईल? मी म्हणालो, "चला, उशीर होईल."

विमानतळावर मी शलाकाला कर्मचाऱ्यांच्या दारातून नेलं. तिथला सुरक्षारक्षक डोंगरे मला वीस वर्षांपासून ओळखतो. "साहेब, तुमची पोरगी ते आमची पोरगी," म्हणत त्यानं बॅग उचलली आणि तपासणी यंत्रातून न घालता बाजूनं पुढे नेऊन ठेवली. मी पाहत होतो. शलाकाही पाहत होती. ती माझ्याकडे वळली, काही बोलणार असं वाटलं, पण नुसती वाकून पाया पडली आणि म्हणाली, "येते बाबा."

दहा वाजता विमान सुटलं. मी माझ्या खुर्चीत जाऊन बसलो. त्या दिवशी ते विमान माझ्याच वाट्याला होतं.

पहिला तास सरळ गेला. हिमालय मागे पडला, वाळवंट मागे पडलं. माझ्या शेजारच्या टेबलावर प्रणिता बागडे होती, आमच्याकडची दुसरी डिस्पॅचर, हुशार आणि फटकळ. आम्ही चहा मागवला होता. तेवढ्यात पडद्यावर एक पिवळी खूण उमटली. तिसरा सामान कप्पा, डावी बाजू, तापमान चढतंय.

मी कप बाजूला ठेवला. पिवळी खूण तांबडी झाली, आणि तिच्याखाली धुराची खूण आली.

कॅप्टन रेहाना काझींचा आवाज कानात आला. बाई मूळच्या अचलपूरच्या, पंचवीस वर्षं विमानं उडवतात. त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. "नागपूर, तिसऱ्या कप्प्यात धूर. आग विझवणारा वायू सोडला. तापमान उतरलं."

"दिसलं," मी म्हणालो.

मिनिटभरानं त्या म्हणाल्या, "पुन्हा चढतंय."

प्रणितानं नियमावली उघडलीच होती. अशा वेळी नियम एकच शंका घ्यायला सांगतो, ती म्हणजे कवचाला तडा. तडा असेल आणि बाहेरची तापलेली हवा आत शिरत असेल, तर वेग तत्काळ उतरवा आणि पहिल्या धावपट्टीवर उतरा. मी सैबेरियातल्या पट्टीची ताजी माहिती काढली. तिथली गोठलेली जमीन काही वर्षांपासून उन्हाळ्यात विरघळते आहे. पट्टीचा एक भाग खचला होता. कागदावर ती चालू होती. मागच्याच महिन्यात एक मालवाहू विमान तिथे घसरून चिखलात रुतलं होतं, आणि ते आमच्या निम्म्या वेगानं उतरलेलं. त्रिविक्रम तिथे उतरवायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

"दुसरा मार्ग आहे," प्रणिता म्हणाली. "कप्प्याची झडप बाहेर उघडायची. तिथे हवाच नाही. साधी आग असली तर श्वास कोंडून मरेल."

"आणि तडा असला तर?"

तिलाही माहीत होतं. झडप उघडली की कप्प्यातला दाब जातो. मग तड्यातून बाहेरची भट्टी आत ओढली जाईल, आणि कप्प्याच्या वरच माणसं बसलेली आहेत. दोनशेच्या वर.

म्हणजे प्रश्न एवढाच होता की धुमसतंय काय. तडा असेल तर खाली उतरायलाच हवं. साधी आग असेल तर खाली उतरणं हाच मूर्खपणा. आणि निर्णयरेषा अकरा मिनिटांवर आली होती.

मी सामानाची यादी उघडली नाही. उघडायची गरज नव्हती. तिसरा कप्पा, डावी बाजू. शलाकाची बॅग त्याच कप्प्याच्या सरकत्या पट्ट्यावर जाताना मी स्वतः पाहिली होती. मी कप्प्यातल्या दोन्ही तापमान संवेदकांचे आलेख शेजारी शेजारी लावले. बॅगांच्या बाजूचा आधी चढला होता, कवचाच्या बाजूचा मागून. तडा असता तर उलटं झालं असतं. पण अशा दोन रेषांवर दोनशे माणसं पणाला लावता येत नाहीत.

विमान हवेत असताना नातेवाइकांना काही कळवायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मी मोबाइल काढला आणि घरी फोन लावला. मागून बायकांचे आवाज येत होते. कालचं उरलेलं खायला सगळ्या जमल्या होत्या.

"कुमुद, शलाकाच्या बॅगेत खोबरं घातलंस का?"

"नाही बाप्पा! काहून?"

उत्तर फार लवकर आलं.

"मी रागावत नाही. खरं सांग."

"नाही म्हटलं नं. काय झालं? तिला पकडलं का? दंड मागून राहिले का?"

मला कळलं, हिच्या मनात भीती फक्त पकडलं जायची आहे. मी विचारत राहीन आणि ही लेकीला वाचवायला नाही म्हणत राहील. मी आवाज खाली आणला.

"बरं, ते जाऊ दे. काल ओटी कोणाकोणाला भरू दिली?"

"सगळ्याच होत्या नं. मी धरून दहाजणी."

"टेंभरे काकूंनी काय घातलं?"

"खण घातला, चांगला जरीचा. तांदूळ, हळकुंड, सुपारी..." ती थांबली.

"आणि?"

मागचे आवाज एकदम बंद झाले. तिनं हात करून बायकांना गप्प केलं असावं.

"वाटी," ती म्हणाली.

"दहाजणींनी?"

"वाटीबिगर ओटी भरते का कोणी?"

"त्या वाट्या आत्ता कुठे आहेत, कुमुद?"

"आईच्या लुगड्यात बांधल्या. मधात तांदूळ ठेवला. घट्ट बांधल्या, वास येऊ नये म्हणून." आणि मग तिचा आवाज बदलला. "अहो, काय झालं? माझी पोरगी कुठे आहे?"

"वर आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला. चौतीस वर्षांच्या संसारात मी तिच्या तोंडावर फोन कधी आपटला नव्हता. तिला त्या क्षणी काय वाटलं असेल, याचा विचार मी आजही टाळतो.

कॅप्टनशी बोलायची कळ दाबण्याआधी प्रणितानं माझ्या हातावर हात ठेवला. "सर, इथलं सगळं रेकॉर्ड होऊन राहिलं."

"म्हणूनच बोलतोय," मी म्हणालो.

मी कॅप्टन काझींना सगळं सांगितलं. माझी मुलगी, माझ्या बायकोनं बांधलेला गठ्ठा, दहा वाट्या सुकं खोबरं, आणि मी यंत्राच्या बाजूनं नेऊ दिलेली बॅग. सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही. एकदा बोललं की छातीवरचं ओझं उतरतं असं म्हणतात, तसं मला काही वाटलं नाही. मला फक्त लाज वाटली.

मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला खात्री आहे, धूर त्याचाच आहे?"

"बॅगांच्या बाजूचा संवेदक आधी चढला. माझी खात्री आहे. शंभर टक्के नाही."

"डहाकेसाहेब, एक विचारते, राग मानू नका. खालची पट्टी खराब आहे, हे तुम्हालाही दिसतंय आणि मलाही. तुमची मुलगी वर आहे. तिला त्या पट्टीवर उतरवायला नको म्हणून तर तुम्ही हे बोलत नाही ना?"

प्रश्न बरोबर होता. त्यांच्या जागी मीही विचारला असता. बापाच्या शब्दावर विमान चालवत नाहीत.

"तिला विचारा," मी म्हणालो.

"विचारायला माणूस पाठवला आहे."

मी पडद्याकडे पाहत राहिलो. विमानाची खूण रेषेकडे सरकत होती. पाच मिनिटं राहिली होती. तापमान चढतच होतं. आमच्या मागे केंद्राचे संचालक येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"नागपूर," कॅप्टन काझींचा आवाज आला, "तुमची मुलगी नाही म्हणते. बॅगेत खोबरं नाही, शपथेवर सांगते म्हणाली. मी वेग उतरवायची तयारी करते आहे."

माझी पोर खोटं बोलणारी नाही. आणि ती खोटं का बोलली, हे मला लख्ख समजलं. बॅग यंत्राच्या बाजूनं गेली ती माझ्यामुळे. खोबरं आहे म्हटलं की बाबांची नोकरी गेली, डोंगरेची गेली. खाली कप्प्यात काय चाललंय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एक हवाई सेविका येऊन कानात विचारून गेली होती, एवढंच. कुमुदनं लेकीला वाचवायला जे केलं, तेच लेकीनं मला वाचवायला केलं. आणि मी सकाळी दारात उभं राहून तेच केलं होतं. आम्ही तिघंही एकमेकांवर इतकं प्रेम करत होतो, की दोनशे माणसं त्यात मरणार होती.

"कॅप्टन, मला तिच्याशी बोलू द्या. तुम्ही ऐका."

"एक मिनिट देते. जास्त नाही."

खरखर झाली. मग तिचा श्वास ऐकू आला.

"शलाका, बाबा बोलतोय. घाबरू नको आणि नीट ऐक. आईनं मला सगळं सांगितलं. मी इथे सगळं सांगितलं. माझी नोकरी जायची ती गेली, आता तुला ती वाचवता येत नाही. कप्प्यात धूर आहे. तो कशाचा, हे तुझ्या एका शब्दावर ठरणार आहे. वाट्या आहेत का?"

विमानाची घरघर तेवढी येत होती. प्रणितानं पडद्याकडे बोट दाखवलं. मी तिचा हात खाली केला. पोरीवर ओरडलो असतो तर ती आणखी मिटली असती, लहानपणापासून तशीच आहे.

"बाळा, तू मला सांगणार होतीस ना? पाया पडताना?"

"हो बाबा." ती रडायला लागली. "आहेत. दहा आहेत. सकाळी मी गठ्ठा सोडून पाहिला होता. काढून ठेवणार होते. पण आईनं इतक्या हौसेनं... मी पुन्हा बांधला. आणखी घट्ट बांधला. मग तुम्ही बॅग तशीच नेली, तर मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत होतं," मी म्हणालो.

"बस," कॅप्टन काझी मध्येच म्हणाल्या. "ऐकलं." मग त्या पुढे बोलल्या, आणि या वेळी त्यांच्या बोलण्यात अचलपूर उतरलं होतं. "माझ्या वेळेला आमच्या शेजारच्या भारसाकळे काकूंनी माझीबी ओटी भरली होती. वाटीबिगर नव्हती भरली. दहा वाट्या म्हणजे चांगला गठ्ठा होते. वेग उतरवत नाही. झडप उघडतो आहोत."

पडद्यावर कप्प्याचा दाब सरसर खाली आला आणि शून्याला जाऊन टेकला. तापमान तिथेच राहिलं. खाली येईना. विमानाची खूण रेषेवर आली, आणि रेषेच्या पलीकडे गेली. आता धावपट्टी नव्हती. बर्फाचा समुद्र होता, आणि माझा शब्द होता.

मी देवाला मानणारा माणूस नाही, पण मी मनात काहीतरी पुटपुटत होतो. नंतर आठवलं, ते शलाकाला लहानपणी झोपवताना म्हणायचो ते पाढे होते.

मग तापमानाचा आकडा एकानं खाली आला. पुन्हा एकानं. मग दोनदोननं उतरू लागला. कवचाच्या बाजूचा संवेदकही त्याच्यामागे उतरायला लागला. तडा नव्हता.

"नागपूर," कॅप्टन काझी म्हणाल्या, "तुमचा चहा थंड झाला असेल. दुसरा मागवा."

प्रणिता टेबलावर डोकं टेकवून हमसून हमसून रडली. मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो, गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि संचालकांच्या हातात दिलं. ते म्हणाले, "उतरेपर्यंत बसा." मी बसलो.

विमान वेळेवर उतरलं. त्याचं कुणाला काही कौतुक वाटलं नाही, कारण उतारूंपैकी बहुतेकांना काही झालं होतं हेच माहीत नव्हतं.

घरी गेलो तेव्हा कुमुद दारातच उभी होती. जावयाचा फोन येऊन गेला होता, शलाका सुखरूप आहे हे तिला कळलं होतं. तिनं मला एकच विचारलं.

"ओटी तिच्याजवळ आहे नं?"

मला पुन्हा तोच रस्ता दिसला. 'आहे' म्हणायचं. बारा हजार किलोमीटरवरून ही काय पाहायला जाणार आहे? गरोदर लेकीची ओटी जळाली, हे आईला सांगणारा माणूस कसाई म्हणायचा. माझ्या जिभेवर 'आहे' आलंही होतं.

"जळाली," मी म्हणालो. "सगळी. तांदळासकट."

कुमुद भिंतीला धरून खाली बसली. मी तिच्या शेजारी बसलो. ती म्हणाली, "पोरीवरचं होतं, ते ओटीवर गेलं. जिवावरचं शेपटावर निभावलं."

"अगं, ओटीनंच तर आग लावली!"

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी काय शेंबडी आहे का? पण मला काहीतरी म्हणू द्या नं."

ती माझ्या खांद्याला डोकं लावून रडली, आणि मीही रडलो.

चौकशी सुरू झाली. माझी नोकरी गेली, ते योग्यच झालं. डोंगरेचीही गेली, आणि त्याचं मात्र मला फार लागून राहिलं आहे, कारण तो माझ्या भरवशावर वागला होता. शलाकाला आणि आम्हा दोघांना त्रिविक्रममध्ये पाच वर्षं पाय ठेवायला बंदी झाली. साध्या विमानानं दोनदा बदलत दिल्लीमार्गे यायचं तर सव्वीस-सत्तावीस तास. त्या अवस्थेत डॉक्टर परवानगी देईनात. बाळंतपण माहेरी होणार नव्हतं. मला चौकशी संपेपर्यंत देश सोडता येत नव्हता. म्हणून कुमुदनं एकटीनं जायचं ठरवलं. ती आयुष्यात एकटी अमरावतीलासुद्धा गेलेली नाही.

निघायच्या दिवशी मी तिला सोडायला गेलो. या वेळी सगळ्यांच्या रांगेत उभे राहिलो. यंत्रापाशी पोहोचायच्या आधीच तिनं बॅग बाकावर ठेवली आणि चेन उघडली.

"विचारा," ती मला म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी नाही विचारलं, ते आज विचारा."

मागे लोक खोळंबले होते. मी विचारलं, "कुमुद, बॅगेत खोबरं आहे?"

"नाही. तांदूळ आहे, खण आहे, हळकुंड आहे. ओटी तिथे पुन्हा भरणार आहे मी. नारळ तिथलाच घेईन, ओला."

तिचं बोलणं ऐकूनही मी बॅगेत हात घातला. खणाची घडी उलगडून पाहिली, तांदळाची पिशवी सोडून पाहिली, तळापर्यंत चाचपलं. पूर्वी ती अशानं आठ दिवस बोलली नसती. आता शांतपणे उभी राहिली, आणि माझं झाल्यावर चेन लावून घेतली.

"येते," ती म्हणाली.

ती आत गेली तोच शलाकाचा फोन आला. "बाबा, आई निघाली का? कधीपर्यंत पोहोचेल?"

मी काचेतून पाहिलं. कुमुद यंत्राच्या पलीकडे उभी होती आणि कुठल्या बाजूला जायचं ते एका पोरीला विचारत होती.

"निघाली आहे, बाळा," मी म्हणालो. "पण बारा हजार किलोमीटर आहे. वेळ लागेल."